मर्यादा म्हणजे शिल्लक नव्हे

गेल्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी मी मिरजेला खालाच्या घरी गेलो होतो. शिरखुर्मा झाला, लहानग्यांना ईदी वाटून झाली, आणि माझा मावसभाऊ मला गच्चीवर घेऊन गेला. खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाई, जरा बघ ना. रोज फोन येतायत. पण मी लोन घेतलेलंच नाही. मला लिमिट मिळालंय."

त्याचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बारावीपर्यंत शिकलाय, पण बिघडलेला बोर्ड हातात घेतला की पाच मिनिटांत दोष सांगतो. म्हणजे पोरगा मठ्ठ नाही. तरीही "लोन नाही, लिमिट आहे" हे वाक्य तो मनापासून बोलत होता. मोबाइलच्या पडद्यावर हिरव्या पट्टीत लिहिलं होतं : उपलब्ध रक्कम १८,००० रुपये. चाळीस हजारांच्या मर्यादेतले बावीस हजार वापरून झाले होते. उरलेले अठरा हजार त्याच्या लेखी शिल्लक होते.

ती हिरवी पट्टी पाहून मला घाम फुटला. कारण तशीच एक पट्टी मी स्वतः बनवली आहे. त्याबद्दल पुढे सांगतोच. आधी तो ज्याला लिमिट म्हणत होता, ती गोष्ट काय आहे ते नीट समजून घेऊ. आपल्या वस्त्यांत आज मोबाइलवरून सर्वात सहज मिळणारं कर्ज हेच आहे, आणि सर्वात कमी समजलेलंही हेच आहे.

लिमिट म्हणजे काय?

नेहमीच्या कर्जात ठरलेली रक्कम एकदम हातात येते आणि दुसऱ्या महिन्यापासून हप्ते सुरू होतात. घराचं, गाडीचं कर्ज तसं. क्रेडिट लाइन, म्हणजे मराठीत पतमर्यादा, वेगळ्या पद्धतीने चालते. बँक सांगते, "तुम्हाला पाच लाखांपर्यंत उचल करता येईल." तुम्ही आज दोन लाख उचलले, महिन्याने परत भरले, पुन्हा एक लाख उचलले, तरी चालतं. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर आणि जितके दिवस ती वापरली तितक्या दिवसांचंच लागतं.

समजा व्याजदर वर्षाला १२ टक्के आहे. पाच लाखांच्या मर्यादेतून दोन लाख रुपये तीस दिवस वापरले, तर व्याज होतं साधारण १,९७३ रुपये. पूर्ण पाच लाखांचं कर्ज घेऊन बसला असता, तर त्याच तीस दिवसांचे ४,९३२ रुपये झाले असते. ज्याच्या धंद्यात पैसा आज जातो आणि महिन्याने येतो, त्याच्यासाठी ही सोय मोलाची आहे. व्यापारी जिला 'सीसी' म्हणतात ती कॅश क्रेडिट हीच. चालू खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट हाच प्रकार. १९९८ मध्ये सुरू झालेलं किसान क्रेडिट कार्ड म्हणजे शेतकऱ्याची पतमर्यादाच. क्रेडिट कार्डही तेच. जनधन खात्यावर पात्र खातेदाराला मिळणारा १०,००० रुपयांपर्यंतचा ओव्हरड्राफ्ट हे याचंच सर्वात छोटं रूप.

म्हणजे मावसभावाचं अर्धं वाक्य बरोबर होतं. लिमिट मंजूर होणं म्हणजे कर्ज नाही. पण त्यातला पहिला रुपया वापरला, त्या क्षणी ते कर्ज झालं. उरलेले अठरा हजार त्याची शिल्लक नव्हती. तो अजून किती कर्जबाजारी होऊ शकतो, याचा तो आकडा होता.

दुसरी गोष्ट त्याला माहीत नव्हती. मर्यादा ही देणाऱ्याची मर्जी असते. सीसीचं दरवर्षी नूतनीकरण होतं, बँक मालाचा हिशेब मागते, माल कमी दिसला तर उचलीची रक्कम कमी करते. कार्डाची आणि ॲपची मर्यादाही कमी होऊ शकते. उद्याच्या संकटासाठी 'लिमिट आहे की' म्हणून जो निर्धास्त बसतो, त्याचं लिमिट नेमकं त्या संकटातच गोठू शकतं. देणाऱ्यालाही त्याच वेळी भीती वाटत असते.

अब्बांची क्रेडिट लाइन

हे सगळं नवीन आहे असं मात्र नाही. माझे अब्बा फळांचा गाडा लावायचे. आम्ही बागवान. पहाटे पाचला मार्केटात सौदा व्हायचा, अडत्या चोपडीत अब्बांच्या नावासमोर आकडा टाकायचा आणि केळी, चिकू, मोसंबीच्या पाट्या गाड्यावर चढायच्या. पैसे शनिवारी. इंग्रजीचं अक्षर न येणारे माझे अब्बा तीस वर्षं क्रेडिट लाइनवर धंदा करत होते.

त्या व्यवहारातही मर्यादा होती, फक्त ती कुठे लिहिलेली नव्हती. दोन शनिवार बाकी राहिली की अडत्या म्हणायचा, "बागवान, आधीचं मिटवा, मग माल उचला." अब्बांना राग यायचा. आता वाटतं, त्या नकारानेच आम्हाला कितीतरी वेळा वाचवलं. अडत्याला अब्बांचा धंदा दिसत होता. पाऊस लागला, गाडा लागला नाही, घरात आजारपण आहे, हे सगळं त्याला कळत होतं. शिवाय उचल फक्त मालाची होती. केळी उचलली तर केळी विकून पैसा यायचाच. त्या उधारीवर कुणाला टीव्ही घेता येत नव्हता.

जुनं सगळं चांगलं होतं, असं मला म्हणायचं नाही. अडत्या व्याज घेत नव्हता, पण उधारीच्या मालाला भाव चढा लावायचा, आणि रोखीवाल्याला जो माल निवडता यायचा तो अब्बांना मिळायचा नाही. बाकी असल्यामुळे दुसऱ्या अडत्याकडे जायची सोय नव्हती. उधारीची किंमत होतीच, ती फक्त भावात लपलेली होती. हे मला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला कळलं. अब्बांना सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण रोख कोण देणार होतं?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी त्याकडे परत यायचं आहे.

दोन टक्के म्हणजे किती?

गच्चीवर मी मावसभावाला म्हटलं, "वही आण." दोघांनी बसून हिशेब मांडला. तेव्हा कळलं की ॲप एक नव्हतं, तीन होती. पहिल्यातून दुकानासाठी डिस्प्ले आणि बॅटऱ्या आणल्या होत्या. ते बरं होतं, माल विकून पैसे येणार होते. पण मग बायकोच्या बाळंतपणाचा खर्च आला, तोही तिथूनच. नंतर ईदचे कपडे. हप्ता जमेना म्हणून दुसऱ्या ॲपमधून उचलून पहिल्याचा हप्ता भरला, आणि दुसऱ्यासाठी तिसरं. फोन येत होते ते तिसऱ्याचे. पहिलं ॲप मात्र खूश होतं. हप्ते वेळेवर भरल्याबद्दल त्याने मर्यादा पंचवीस हजारांवरून चाळीस हजारांवर नेण्याची ऑफर दिली होती आणि भावाने 'हो'चं बटण दाबलं होतं. तीन ठिकाणी मिळून हातात आले होते ४९,००० रुपये. देणं होतं ६४,०००.

"दोनच टक्के व्याज आहे, भाई," तो म्हणाला. महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस, एवढं त्यालाही कळत होतं. खरा आकडा किती, ते एका उचलीवरून पाहू.

दहा हजारांची उचल, तीन महिन्यांत तीन हप्ते. प्रक्रिया शुल्क ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९० रुपये, आधीच कापले. हातात आले ९,४१०. व्याज मूळ दहा हजारांवर महिन्याला दोन टक्के, तीन महिन्यांचे ६०० रुपये. एकूण परतफेड १०,६००, म्हणजे महिन्याला सुमारे ३,५३३ रुपयांचा हप्ता. आता गंमत बघा. पहिला हप्ता भरल्यावर तुमच्याकडे दहा हजार राहिलेलेच नाहीत, तरी व्याज दहा हजारांवरच चालू आहे. शुल्क वर्षाचं नाही, तीनच महिन्यांसाठी आहे. हे सगळं धरून खरा दर काढला, तर तो महिन्याला साधारण ६.२ टक्के निघतो. वर्षाला ७४ टक्क्यांच्या वर. जाहिरातीत तो 'फक्त दोन टक्के' होता.

क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी दिसते, पण वळणावर तीच. बिल पूर्ण आणि वेळेवर भरलं तर खरेदीवर व्याज लागत नाही. पण बिलावर 'किमान देय रक्कम' असं एक लोभस खानं असतं. समजा बिल ४०,००० आहे आणि किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे २,०००. तुम्ही तेवढेच भरले. उरलेल्या ३८,००० वर महिन्याला साडेतीन टक्के दराने १,३३० रुपये व्याज, त्यावर जीएसटी सुमारे २३९. म्हणजे दोन हजारांतले १,५६९ रुपये व्याज आणि करात गेले, कर्ज कमी झालं फक्त ४३१ रुपयांनी. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. किमान रक्कम भरणाऱ्याला दंड लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कर्ज फिटतंय असा तो होत नाही.

म्हणून टक्केवारी विचारताना एकच प्रश्न विचारायचा : "सगळी शुल्कं धरून वर्षाचा दर किती?" रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देणाऱ्याने हा वार्षिक दर दाखवणारं एक पत्रक, की फॅक्ट स्टेटमेंट, कर्जाआधीच द्यावं लागतं. २०२४ च्या परिपत्रकानुसार ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवं. मावसभावाच्या मोबाइलमध्ये ते पत्रक होतं. तीन पानी, इंग्रजीत, उघडलेलं नव्हतं.

माझा त्यातला वाटा

आता त्या हिरव्या पट्टीबद्दल. पाच-सहा वर्षांपूर्वी मी पुण्यात अशाच एका कर्जाच्या ॲपवर काम करत होतो. मुख्य पडद्यावर काय लिहायचं, यावर चर्चा झाली. एक पर्याय होता 'कर्जमर्यादा', दुसरा 'उपलब्ध रक्कम'. आम्ही काही ग्राहकांना एक दाखवला, काहींना दुसरा. 'उपलब्ध रक्कम' पाहणाऱ्यांनी बटण जास्त दाबलं. विषय संपला. रंग लाल-पिवळा नको, हिरवा ठेवा, हेही ठरलं. कोड मी लिहिला. मी काहीच बोललो नाही. ते चूक आहे असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. काम झालं, संध्याकाळी चहा प्यायला गेलो. पुढे ती नोकरी सोडली तीही तत्त्वासाठी नाही, दुसरीकडे पगार बरा मिळाला म्हणून.

त्या कंपनीने कायदा मोडला, असा माझा आरोप नाही. मला एवढंच सांगायचं आहे की तुमच्या मोबाइलवरचा शब्द, रंग आणि बटणाची जागा कुणीतरी विचारपूर्वक ठरवलेली असते, आणि ती ठरवताना 'या माणसाने उचल करावी' हाच हेतू असतो. अडत्याची चोपडी अब्बांना थांबवू शकत होती. माझी पट्टी कुणाला थांबवण्यासाठी बनवलेलीच नव्हती.

आता तर ही रेघ आणखी पुसट झाली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांनी आधीच मंजूर केलेल्या क्रेडिट लाइन यूपीआयला जोडायला परवानगी दिली. चहाच्या टपरीवरचा तोच क्यूआर कोड, तोच पिन, तोच 'पेमेंट झालं'चा आवाज. पैसे बचत खात्यातून गेले की कर्जातून, हे हाताला कळत नाही. तंत्र म्हणून ते सुंदर आहे, हे मी इंजिनिअर म्हणून कबूल करतो. पण खिशातली नोट आणि उधारीची चोपडी यांत जो फरक डोळ्यांना दिसत होता, तो आता आपल्याला डोक्यात ठेवावा लागणार आहे.

व्याजाबद्दलचं मौन

मावसभावाने हे सात महिने घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. का? कारण खालू पाच वक्त नमाजी आहेत आणि "व्याजाचा पैसा घरात नको" हे वाक्य त्या घरात रोजचं आहे. मी खालूंच्या श्रद्धेचा मान राखतो. व्याज घ्यावं की घेऊ नये यावर फतवा देण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्या घरांत व्याजाची चर्चा 'हराम आहे' या दोन शब्दांवर सुरू होते आणि तिथेच संपते. त्यामुळे पोरं व्याजापासून लांब राहिली असं झालेलं नाही. ती फक्त वडिलांपासून लांब गेली. गुपचूप कर्ज काढणारा माणूस कुणाला दर विचारत नाही, कुणाला कागद दाखवत नाही, आणि अडकला की पहिल्या कर्जासाठी दुसरं काढतो. ॲपवाल्याला असाच ग्राहक हवा असतो.

सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वात लांब आयत मानली जाते, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणं. मुदत ठरवा, लिहा, साक्षीदार ठेवा. त्यातली एक बाब मला इंजिनिअर म्हणून फार महत्त्वाची वाटते : मजकूर सांगायचा आहे तो देणेकऱ्याने, म्हणजे ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने. तो सांगू शकत नसेल तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने. जो अडचणीत आहे त्याला काय लिहिलं जातंय हे कळलंच पाहिजे, ही त्यामागची काळजी. आज मजकूर देणारा लिहितो, आणि घेणारा 'आय ॲग्री'वर अंगठा ठेवतो. ज्या परंपरेत कर्ज लिहिण्याची एवढी तपशीलवार सूचना आहे, तिच्या घरांत कर्जाचा कागद वाचण्याची सवय नसावी, याचं मला वाईट वाटतं.

रोख कोण देणार होतं?

आता अब्बांच्या प्रश्नाकडे येऊ. पोरांनी ॲपकडे जाऊ नये असं म्हणणं सोपं आहे. मग त्यांनी कुठे जायचं?

मावसभावाला सहा महिन्यांच्या मालासाठी खरं तर बँकेची छोटी सीसी हवी होती. छोट्या उद्योगांसाठी नायक समितीचा ठोकताळा आहे : अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के खेळतं भांडवल बँकेने द्यावं. त्याची उलाढाल पाच लाखांची धरली, तर लाखभराची मर्यादा बसते, तीही ॲपच्या मानाने कितीतरी कमी दराने. मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचं शिशु कर्ज विनातारण आहे आणि खेळत्या भांडवलासाठी मुद्रा कार्डाची सोय आहे. पण तो बँकेत कधी गेलाच नव्हता. "आपल्याला कोण देणार?" हे त्याने गेल्याशिवायच ठरवलं होतं.

ही भीती हवेतून आलेली नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवलं की काही बँका काही भागांना 'निगेटिव्ह' ठरवतात आणि तिथे कर्ज सहज मिळत नाही. मुस्लिम वस्त्यांतल्या लोकांनी याच्या तक्रारी केल्या होत्या. बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा, असं २००८ मध्ये रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलं होतं. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. म्हणजे एकीकडे बँकेचं दार अर्धवट उघडं, दुसरीकडे श्रद्धेला मानवेल असा पर्याय नाही. मधल्या जागेत मोबाइलची हिरवी पट्टी उभी आहे, आणि तिला तुमचं आडनाव, मोहल्ला, दाढी यातलं काही अडचणीचं वाटत नाही. तिचं आकर्षण समजून घेतल्याशिवाय तिच्यावर टीका करण्यात अर्थ नाही.

म्हणून माझ्या मागण्या दोन्ही बाजूंना आहेत.

नियम करणाऱ्यांकडे : वार्षिक दराचं पत्रक वेगळ्या फाइलमध्ये दडवू नका. उचलीच्या बटणाच्या वर, मराठीत आणि उर्दूत, एका ओळीत येऊ द्या : 'हे कर्ज आहे. तुम्हाला इतके मिळतील, इतके परत द्यावे लागतील.' 'उपलब्ध रक्कम' हा शब्द कर्जाच्या पडद्यावरून हद्दपार करा. असा बदल करायला किती वेळ लागतो, हे मला माहीत आहे. एक दुपार.

बँकांकडे : गाडेवाल्याचा, गॅरेजवाल्याचा, शिवणकाम करणाऱ्या बाईचा यूपीआयचा वर्षभराचा हिशेब तुमच्याच यंत्रणेत आहे. ॲपवाले तो पाहून मर्यादा देतात, तुम्ही तारण विचारता. अर्ज नाकारलात तर कारण लेखी द्या.

आणि आपल्या लोकांकडे : दर महिन्याच्या एका जुम्म्यानंतर, मोहल्ल्यातल्या वाचनालयात किंवा शाळेत, एक टेबल लावू. बँकेत काम केलेले एखादे निवृत्त चाचा, कॉमर्सची एखादी मुलगी आणि माझ्यासारखा एखादा इंजिनिअर एवढे पुरेत. लोकांनी मोबाइल आणि कागद घेऊन यावं, हिशेब मांडून घ्यावा. कुणी कुणाला गुन्हेगार ठरवायचं नाही. बायकांच्या भिशीला आणि बचत गटाला सोबत घ्यावं, कारण घराचा हिशेब त्यांना जास्त कळतो. जिथे जमेल तिथे कर्ज-ए-हसनाचा छोटा निधी उभारावा, पण तोही लिहून, मुदत ठरवून.

त्या टेबलावर सांगायला नियमही आहेत. डिजिटल कर्जात तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा आपोआप वाढवता येत नाही. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची अशी मुदत असते, ज्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून बाहेर पडता येतं. ॲपला तुमच्या फोनमधली नावं-नंबरांची यादी किंवा फोटो मागता येत नाहीत. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. आधी कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार होते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आणि पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो प्रत्येकाने मागवावा. आपल्या नावावर किती उचल आहे, हे जगाला माहीत आणि आपल्यालाच नाही, अशी वेळ नको.

मावसभावाचं पुढे काय झालं? त्याच रात्री आम्ही खालूंना सांगितलं. मला वाटलं होतं, घरात वादळ येईल. खालू बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीस, हो ना?" पोराने मान हलवली. खालूंनी भिशीची आपली पाळी पुढे घेता येते का ते विचारलं, आणि तिसऱ्या ॲपचं देणं आधी मिटवलं. दुसरं गेल्या महिन्यात संपलं. पहिल्याचे हप्ते अजून चालू आहेत. स्कोअर घसरलाय. बँकेच्या मॅनेजर मॅडमनी सांगितलं, वर्षभर खातं नीट चालवा, मग या. तो या वेळी स्वतः बँकेत गेला होता, एवढं तरी झालं.

मराठीत 'पत' हा शब्द फार जुना आणि फार मानाचा आहे. पत म्हणजे लोकांचा आपल्यावरचा विश्वास. अब्बांची पत अडत्याच्या चोपडीत होती आणि तिची त्यांना रोज जाणीव होती. आपल्या मुलांची पत आता त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. ती किती आहे, कुणाच्या हातात आहे आणि तिची किंमत काय, हे त्यांना समजावून सांगणं आपलं काम आहे. येत्या जुम्म्याला घरी जेवताना एवढंच विचारा, "बेटा, तुझ्या फोनवर लिमिट आहे का?" आणि उत्तर काहीही आलं, तरी आवाज चढवू नका. वही आणा.